बॅनरवरची भागूबाई

माझ्या बायकोच्या, भागूच्या वर्षश्राद्धाला ठेवायला फोटो पाहिजे होता. तसा फोटो होता माझ्याकडे, चांगला मोठा, फ्रेम केलेला. दहाव्याला तोच ठेवला होता. पण तो तिचा नव्हता. हे मला माहीत होतं आणि गावातल्या बायकांनाही माहीत होतं. दहाव्याला वरच्या वस्तीवरची एक म्हातारी हार घेऊन आली, फोटोपुढे थांबली, निरखून बघितलं आणि मागे वळली. भागूची पितळी घागर भिंतीला टेकवलेली होती. म्हातारीने हार त्या घागरीच्या गळ्यात घातला आणि गेली. मला वाटलं, डोळ्याने दिसत नसेल. नंतर कळलं, तिला चांगलं दिसत होतं.

हे कसं झालं ते सांगतो. मला लिहायची सवय नाही. सातवी शिकलोय आणि त्यानंतर फक्त अर्ज लिहिले. तेही भागूच्या नावाने.

आमची मूळची मेंढरं. वडिलांपर्यंत कळप होता. मी चार एकरांत डाळिंब केलं आणि उरलेला वेळ बापूंच्या मागे घालवला. बापू म्हणजे विजयसिंह, आमच्या भागातले पुढारी. आमचं गाव शेळगावच्या पुढे, लहान. पंचायत समितीला आमच्यासारखी सात गावं मिळून एक जागा. त्या जागेसाठी मी पंधरा वर्षं बापूंच्या गाडीची दारं उघडली. आठ-नऊ वर्षांपूर्वी आपली पाळी आली असं वाटलं, तर जागा बाईसाठी राखीव पडली. मी दोन दिवस नीट जेवलो नाही. शेवटी बापूच म्हणाले, "सोनबा, तुज्या घरात बाई हाय का न्हाय?"

"हाय की."

"मग रडतो कशाला?"

भागू दिसायला साधी. काळी. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. कपाळावर आणि हनुवटीवर गोंदलेलं, उन्हाने हिरवट पडलेलं. आम्हाला मूल झालं नाही, पण घर कधी रिकामं नसायचं. कुणाची शेळी आडली, कुणाची सून रुसली, की बायका भागूला बोलवायच्या.

पहिले आठ दिवस ती एकटी पायी प्रचाराला गेली. मत मागायचीच नाही. एखाद्या वस्तीवर जाऊन बसायची, हापसा किती दिवस बंद आहे विचारायची, शेळीच्या तोंडात बोट घालून बघायची, हळद लावायला सांगायची. परत आली की मी विचारायचो, "किती घरं झाली?" ती म्हणायची, "घरं न्हाय मोजली. पर लमाणाच्या तळ्याजवळच्या बायका दीड कोस पाणी आणत्यात. ते पयलं बघा निवडून आल्यावर." मी म्हणायचो, "बघू."

मग समोरच्या पार्टीने त्यांच्या पुढाऱ्याच्या, हिंदुरावांच्या सुनेला उभं केलं. रेश्मा नाव. बारामतीच्या कॉलेजात शिकलेली, गोरी, हसली की गालाला खळी. निमगाव केतकीच्या बाजारात तिचा बॅनर लागला आणि पोरं त्याच्यापुढे उभी राहून मोबाईलवर फोटो काढायला लागली. आमचा बॅनर शेजारीच होता. बापूंनी गाडी थांबवली, दोन्ही बघितले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "सोनबा, आपला बॅनर दुष्काळ निवारणाचा वाटतोय रं."

सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी मी भागूला बारामतीला घेऊन गेलो. नागेशचा स्टुडिओ आहे तिथं, बॅनर तोच छापतो. त्याने भागूला स्टुलावर बसवलं, फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर घेतला.

"आबा, किती उजळ करू?"

"जमल तेवढं."

त्याने केलं. गाल भरले, डोळे मोठे केले, दात सरळ केला. भागू मागे उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "दात ऱ्हाऊ द्या की. भाकरी कशानं खाऊ?" नागेश हसला. मग त्याने कपाळावर बाण नेला. "हे डाग काढू का?"

ते डाग नव्हते, गोंदण होतं. मी म्हणालो, "काढ."

फोटो पुरा झाल्यावर भागू बराच वेळ बघत राहिली. "बरी हाय," म्हणाली. "हिलाच घिऊन जावा घरी."

येताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. मला वाटलं, दमली असेल.

नवा बॅनर लागला आणि पोरं आमच्याही बॅनरपुढे थांबायला लागली. बापू खूश झाले. पण दोन दिवसांनी दुसरंच निघालं. जिथं भागू जायची तिथं लोक बॅनरकडे बघायचे आणि मग तिच्याकडे बघायचे. एका गावात पारावरच्या एकाने विचारलं, "उमेदवार पाठीमागून येतीय का?" आमचीच पोरं हसली. बापूंनी मला बाजूला घेतलं. "बॅनर आन बाई जुळंना, सोनबा. दोन्हीतलं एक बदल."

बॅनर बदलला असता तर तीन हजारांचा खर्च होता. पण खरं सांगायचं तर खर्चासाठी नाही. मला तो बॅनर आवडला होता.

माझ्या पुतण्याची बायको प्रतिक्षा त्या वेळी तेवीस वर्षांची होती. उजळ, नाकीडोळी नीट. नागेशने केलेला चेहरा तिच्यासारखाच दिसत होता. मी पुतण्याला विचारलं, तो हो म्हणाला. प्रतिक्षाला कुणी विचारलं नाही. तिला भागूची हिरवी इरकल नेसवली, डोक्यावर पदर दिला आणि उघड्या जीपमध्ये उभं केलं. "तू काय बोलू नको, नुसतं हात जोड," एवढं सांगितलं. स्पीकरवर पोरगं ओरडत होतं, "आपल्या लाडक्या उमेदवार भागूबाई आपल्या दारात आलेल्या आहेत." प्रतिक्षा हात जोडत होती. खोटं कुणीच बोललं नाही, असं मी त्या वेळी मनाला सांगत होतो.

भागू घरी चाळीस कार्यकर्त्यांचा स्वयंपाक करत होती.

दोनशे बारा मतांनी जागा आली. बापूंनी पोरांना सांगून मला खांद्यावर उचलायला लावलं. भागूच्या नावाने घोषणा चालल्या होत्या आणि गुलाल माझ्यावर पडत होता. संध्याकाळी बूथवार मतांचा कागद माझ्या हातात आला. जीप ज्या चार गावांत फिरली तिथं आम्ही मागे होतो. पहिल्या आठ दिवसांत भागू ज्या वस्त्यांवर पायी गेली होती, तिथल्या बूथांनी आम्हाला वर काढलं होतं. मी तो कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि कुणाला दाखवला नाही. भागूलाही नाही.

उरलेले बॅनर घरी आले. भागूने त्यातला मोठा घेऊन कडब्याच्या गंजीवर टाकला, तोंडाची बाजू आत करून. मी म्हणालो, "उलटा टाकलास." ती म्हणाली, "पावसात रंग जायचा तिचा."

आता इंदापूरचं सांगतो. ते सांगायचं म्हणून तर हे सगळं लिहायला बसलो.

पंचायत समितीत कामकाज मीच बघायचो. सही तिची, बोलणं माझं. सगळ्याच बायांच्या नवऱ्यांचं तसं होतं, म्हणून लाज वाटायची नाही. दुसऱ्या वर्षी एका बैठकीला भागू म्हणाली, "आज मी येती. तळ्याजवळच्या पाण्याचं मी बोलती." तिने एका वहीत वस्त्यांची नावं लिहून घेतली होती, कुठं किती घरं, हापसा कुठं बंद. अक्षर वेडंवाकडं, पण सगळं बरोबर. मी म्हणालो, चल. इंदापुरात उतरल्यावर मला ओळखीचे भेटले, मी त्यांच्याबरोबर पुढे गेलो, चहा घेतला आणि साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. भागू मागून येत होती.

बैठक संपली. बाहेर आलो तर भागू व्हरांड्यातल्या बाकावर बसलेली. वही मांडीवर. मी म्हणालो, "आत का आली न्हाईस?"

दारावरचा शिपाई पुढे आला. नवीन होता. भिंतीवर सदस्यांचे फोटो लावले होते, त्यात बॅनरवरचाच फोटो होता. तो म्हणाला, "आबा, मी ह्यांना इचारलं, तुमी कोण, कुणाला भेटायचंय? तर ह्या म्हनल्या, भागूबाईंच्याकडं आलीय. मी सांगितलं, मॅडम अजून आल्या न्हाईत. तर ह्या म्हनल्या, बरं, थांबते."

ती तीन तास थांबली होती.

तिथं सात-आठ जण होते. शिपायाला चूक कळली, तो कावराबावरा झाला. आणि मी हसलो. मोठ्याने. म्हणालो, "आरं, ह्याच मॅडम!" मग सगळे हसले. भागूही पदर तोंडाला लावून हसल्यासारखं करत होती. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "आल्या न्हाईत मॅडम." एवढंच. त्यानंतर ती इंदापूरला आली नाही. वही कुठं गेली, मला माहीत नाही. पाण्याचं काम झालं नाही.

फोटोही तिने पुन्हा काढू दिला नाही. लग्नाकार्यात कुणी मोबाईल वर केला की पाठ फिरवायची. म्हणायची, "माझा हाय की एक फोटो. लई चांगला हाय."

गेल्या वर्षी कांदा काढताना ती वाफ्यातच आडवी झाली. दवाखान्यात नेईपर्यंत काही राहिलं नव्हतं.

वर्ष भरत आलं तसे बापू घरी आले. रखडलेली निवडणूक आता पुन्हा लागणार होती आणि जागा पुन्हा बाईचीच होती. "सोनबा, ह्या वेळी प्रतिक्षा," ते म्हणाले. "वर भागूबाईंचा फोटो, हार घातलेला. खाली प्रतिक्षा. दोघी सारख्याच दिसत्यात. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. वर्षश्राद्धालाच पयला बॅनर लावू."

मी बरं म्हणालो. ते गेल्यावर फ्रेममधल्या फोटोपुढे उभा राहिलो आणि म्हातारीने घागरीला घातलेला हार आठवला. मनात आलं, निदान घरात, चौरंगावर, भागूचा फोटो असावा. तिचा स्वतःचा.

शोधला. आमच्या लग्नात फोटोवाला नव्हता. आधार कार्डावर सगळीच माणसं पकडून आणल्यासारखी दिसतात, त्यात ती नुसती सावली. पुतण्याच्या मोबाईलमध्ये चार फोटो निघाले, चारही पाठमोरे. मग बारामतीला नागेशकडे गेलो. मूळ फोटो त्याच्याकडे राहिला नव्हता, पहिल्या बॅनरवरचाही नाही. तो म्हणाला, "आबा, हाय त्यातच करू की. रंग सावळा करतो, दात करतो. ते गोंदण परत काढतो. सांगा, हनुवटीवर किती ठिपके होते?"

मी स्वतःच्याच हनुवटीला हात लावून बघितला.

"तीन का पाच? कपाळावर काय होतं, चंद्रकोर का तुळस?"

चौतीस वर्षं ती माझ्यासमोर ताट ठेवत होती. मला आठवेना. गोंदण होतं, एवढंच आठवत होतं. नागेशने माझ्याकडे बघितलं आणि मग मुद्दाम मोबाईलमध्ये बघायला लागला. "घाई न्हाय आबा. आठवून सांगा."

घरी येऊन भावाला विचारलं. तो म्हणाला, दोन असतील. प्रतिक्षा भांडी घासत होती. तिला विचारलं. तिने हात थांबवले नाहीत.

"मला न्हाय सांगता यायचं, आबा."

"रोज बघत हुतीस की तिला."

"न्हाय. त्या जीपपासनं मी भागूनानींच्या तोंडाकडं बघायचं सोडलं हुतं."

भागूचं माहेर मोरगाव. तिचे आईवडील आता नाहीत, पण लहानपणची मैत्रीण प्रयागबाई आहे. दुसऱ्या दिवशी एसटीने गेलो. प्रयागबाई शेळ्यांना पाला टाकत होती. मला बघून तिने पदर सारखा केला.

"या, दाजी. वाट चुकलासा?"

मी बसलो. पाणी प्यालो. मग विचारलं. ती आधी समजली नाही. समजल्यावर तिने हातातला पाला खाली ठेवला.

"तुमाला ठाव न्हाय?"

मी मान हलवली.

"शेळीचं कान कसं हायत ते सांगतासा का? तुमच्या गाईच्या कपाळाचा टिळा?"

"सांगतो."

"मग!" ती म्हणाली. मला वाटलं, उठून जाईल. पण ती माझ्यासमोर येऊन बसली आणि हनुवटी वर केली. "बघा. एकाच दिवशी गोंदलं आमी दोघींनी. आमी नऊ-धा वर्सांच्या असू. गोंदणारीण आली हुती जत्रंत. हनुवटीवर तीन. कपाळाला चंद्रकोर न् तिच्या खाली एक ठिपका. तेवढंच सांगितलं हुतं आमच्या आयांनी."

"आन गालावर तीळ हुता, डाव्या," मी म्हणालो. एवढं तरी मला आठवत होतं.

प्रयागबाई हसली. "त्यो तीळ न्हवं, दाजी. गोंदणारीण सुई टोचत हुती न् मी समूर बसून तिला येडावत हुते. भागू हसली, मान हलली, सुई गालाला लागली. गोंदणारणीनं माज्या पाठीत धपाटा घातला. जलमभर भागू मला म्हणायची, ह्यो तुजा ठिपका हाय."

चौतीस वर्षं मी त्याला तीळ समजत होतो. भागूने कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलं नाही.

उठताना तिला वर्षश्राद्धाला यायला सांगितलं. ती म्हणाली, "आमी मागं आलो असतो दहाव्याला. पर बॅनरवरलाच फोटू ठेवलाय म्हणून कळलं. त्याला काय हार घालायचा?"

नागेशने फोटो केला. तीन, चंद्रकोर, एक, आणि गालावरचा प्रयागबाईचा ठिपका. दात केला. रंग दोनदा काळा करायला लावला. तरी पूर्ण भागू झाली नाही. गाल अजून भरलेलेच होते. पण दात तिचाच होता.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मांडवाच्या तोंडाशी बापूंच्या पोरांनी बॅनर बांधला. वर गोरी भागूबाई, खाली प्रतिक्षा. आत चौरंगावर मी नवा फोटो ठेवला. मला वाटलं होतं, दोन्ही राहतील. बाहेर बापूंचा, आत माझा. कुणाला काही सांगावं लागणार नाही.

पंगत बसली होती. प्रतिक्षा आमटीची बादली घेऊन वाढत होती. वरच्या वस्तीवरची ती म्हातारी हार घेऊन आली. मांडवाच्या तोंडाशी थांबली, बॅनर बघितला. आत आली, चौरंगावरचा फोटो बघितला. परत बाहेर गेली, परत आत आली. लोक बघायला लागले.

"सोनबा, एक सांग बाबा. ह्यातली तुजी कंची?"

बापू पहिल्या पंगतीत होते. त्यांनी घास थांबवला.

"आतली," मी म्हणालो.

"मंग भाईरली कोण?"

मी म्हणू शकलो असतो, तीच आहे, जरा जुना फोटो आहे. माझ्या तोंडात तेच आलं होतं. पण प्रयागबाई खांबाला टेकून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती.

मी सांगितलं. भाषण नाही केलं, मला ते येतही नाही. बाहेरचा चेहरा मी पैसे देऊन करून घेतला, असं सांगितलं. जीपमध्ये भागू नव्हती, ती घरी भाकरी थापत होती. मतं जीपला पडली नव्हती, भागूला पडली होती, त्याचा कागद मी लपवला. मग इंदापूरच्या बाकाचं सांगितलं. म्हणालो, "तीन तास बसली हुती. आन मी हसलो."

एका पोराने कुजबुजत विचारलं, "मग जीपमध्ये कोण होतं?"

प्रतिक्षाने बादली खाली ठेवली. "मी हुते," ती म्हणाली. "आन आता न्हाय उभी ऱ्हायची. ना जीपमधी, ना बॅनरवर." मग बादली उचलली आणि पुढच्या पानावर आमटी वाढली.

बापूंनी जेवण पुरं केलं. हात धुताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दुःखात माणूस काय बी बोलतो." गाडीचं दार मी उघडलं नाही. त्यांनी स्वतःच उघडलं.

म्हातारीने हार चौरंगावरच्या फोटोला घातला.

लोक पांगल्यावर मी बॅनर सोडला. तो कुठं टाकायचा कळेना. फाडवेना, कारण त्यावर प्रतिक्षाही होती. कडब्याच्या गंजीवरचा भागूने टाकलेला बॅनर आता विरून चाळण झाला होता. त्याच्यावरच हा टाकला, तोंडाची बाजू आत करून, आणि चारी कोपऱ्यांना दगड ठेवले.

आत आलो तर प्रयागबाई चौरंगापुढे बसलेली. फोटो तिने मांडीवर घेतला होता आणि गालावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं होतं.

"बरोबर हाय का?" मी विचारलं.

"ठिपकं बरोबर हायत." तिने फोटो उजेडाकडे धरला. "पर अजून गोरीच हाय, दाजी."

"दोनदा काळी केली."

"अजून करा," ती म्हणाली.

सोमवारी बारामतीला जाणार आहे. प्रयागबाईलाही तिथं बोलावलंय. ती नागेशच्या शेजारी बसून सांगेल, कुठं थांबायचं. मला ते सांगता येणार नाही.